गोव्यात कॉमिक्सची ओरिजिनल पानं जमवताय? आधी डबा, मग पान

दर ऑगस्टमध्ये मला कुणाचा तरी व्हॉट्सॲप येतो आणि फोटो दरवेळी तोच, काचेखाली फ्रेम केलेलं कॉमिकचं पान, त्यावर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे तपकिरी ठिपके, आणि खाली प्रश्न, "हे पुसून जाईल ना?" जात नाही. आणि चूक ऑगस्टमध्ये झालेलीच नसते, ती झालेली असते डिसेंबरात पान घेतलं तेव्हा, कारण बहुतेक जण आधी पान घेतात, लगेच फ्रेमवाल्याकडे जातात, भिंतीला टांगतात, आणि ठेवायचं कसं हा विचार पहिल्या पावसानंतर करतात. गोव्यात हा क्रम बरोब्बर उलटा पाहिजे.

मी फोंड्याला चिऱ्याच्या घरात राहतो, समोर माड आणि मागे ओहोळ, म्हणजे कागदासाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. इथे जे जमलं ते तुमच्या पणजीच्या फ्लॅटमध्ये जमायला काही हरकत नाही. खाली टप्पे क्रमाने दिलेत, क्रम मोडू नका, विशेषतः दुसरा टप्पा उडी मारून जाऊ नका, सगळे नेमके तिथेच उडी मारतात.

## १. काय घेणार ते ठरवा

ओरिजिनल म्हणजे ज्या कागदावर चित्रकाराचा हात फिरला, पेन्सिल झाली, वर शाई झाली आणि ज्याच्यावरून छपाई झाली तो कागद. जुनं इंद्रजाल किंवा अमर चित्र कथेचा पहिला अंक हा ओरिजिनल आर्ट नव्हे, तो छापील अंक, तो छंद वेगळा. सही केलेलं प्रिंट हेही ओरिजिनल नव्हे, सही ओरिजिनल असते एवढंच. गोव्यात ही गफलत जास्त होते कारण आपल्याला लहानपणापासून व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं टाइलवर, मगवर, पिशवीवर, हॉटेलच्या भिंतीवर बघायची सवय, आणि दुकानातून छान फ्रेम केलेलं प्रिंट आणलं की माणसाला वाटतं आपल्याकडे मारियो आला. प्रिंट घ्या की, मीही घेतलंय, फक्त ते प्रिंट आहे हे माहीत असू द्या.

पानांमध्येही प्रतवारी असते. कव्हर सगळ्यात महाग, मग पूर्ण पानाचं एकच चित्र म्हणजे स्प्लॅश, मग मुख्य पात्र ठळक दिसतं अशी चौकटींची पानं, आणि शेवटी नुसती बोलाचालीची पानं. पहिल्यांदा घेणाऱ्याला माझा सल्ला असा की हयात चित्रकाराकडून एखादी पेपरातली रोजची पट्टी म्हणजे कॉमिक स्ट्रिप, दिवाळी अंकातलं एखादं व्यंगचित्र किंवा कच्चं स्केच घ्या. स्वस्त पडतं, चित्रकाराशी ओळख होते, आणि पहिल्या वर्षी जे काय बिघडायचं ते स्वस्तात बिघडतं.

अजून एक. आता पुष्कळ चित्रकार टॅबलेटवरच काम करतात, त्यांच्या कॉमिकचं कागदावरचं ओरिजिनल मुळात नसतंच. काही जण पेन्सिल टॅबलेटवर करतात, ती फिकट निळ्या रंगात कागदावर छापतात आणि वरून हाताने शाई करतात. त्या कागदावर शाई खरी असते पण पेन्सिल नसते. वाईट नाही, पण किंमत तशी हवी.

तपासा: "मी अमुक प्रकारची, अमुक मापापर्यंतची पानं घेणार" हे एका वाक्यात सांगता येतंय का? नसेल तर पुढचा डबा कुठल्या मापाचा आणणार?

## २. डबा आधी, आणि रिकामा चालवून बघा

हा टप्पा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आधी माप. अमेरिकन कॉमिकचं आजचं पान ११ बाय १७ इंचाच्या बोर्डावर काढतात, म्हणजे साधारण २८ बाय ४३ सेंटिमीटर. आपला ए३ कागद २९.७ बाय ४२. दिसायला सारखेच, पण लांबीला सव्वा सेंटिमीटर कमी, आणि त्या सव्वा सेंटिमीटरने किती पानांचे कोपरे मोडलेत विचारू नका. लोक ए३चा फोल्डर आणतात आणि पान कोंबतात. १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत तर पानं याहून मोठी असत. आपल्याकडच्या चित्रकारांच्या मापाला काही नेमच नाही. म्हणून फोल्डर आणि डबा ए२च्या जवळपासचा घ्या, निदान आतून ५० बाय ३५ सेंटिमीटर तरी.

डबा पारदर्शक प्लास्टिकचा, झाकणाला रबराची कड आणि चारी बाजूंनी क्लिपा असलेला. तळाला तिकोनात आकडा असतो तो बघा, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हा चालतो. ३ म्हणजे पीव्हीसी, तो अजिबात नको. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या स्टेशनरीच्या दुकानात सगळीकडे मिळतात, उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास येतो, तो वास म्हणजेच त्यातून सुटणारं रसायन, काही वर्षांत शाई पिशवीला चिकटते. पान ज्यात घालायचं ती पिशवी पॉलिस्टरची म्हणजे मायलरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची, आणि मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा. साधा पुठ्ठा, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, शर्टाच्या आतला पुठ्ठा, यांतलं ॲसिड पानात उतरतं आणि पान पिवळं पडतं.

मग दोन गोष्टी, सिलिका जेल आणि हायग्रोमीटर. सिलिका नारिंगी रंगाचं घ्या, ओल शोषली की हिरवट होतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. अर्धा किलो आणा आणि मलमलच्या छोट्या पुरचुंड्या करा. हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की परत नारिंगी होतं, पण त्यासाठी जुना ट्रे वेगळा काढून ठेवा, नंतर त्यात केक नको.

हायग्रोमीटर म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं घड्याळ, ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतं आणि स्वस्तातली बरीचशी खोटं बोलतात. ते पकडायची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बाटलीच्या झाकणात पाकिटातलं बारीक मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवायचं नाही, आणि ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काट्याने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर तुमचा काटा ५ ने कमी बोलतो, स्केचपेनने मागे लिहून ठेवा. हेच कारण की जूनमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हवा ७५च्या वर गेली की मीठ पाझरायला लागतं. आगरातलं जाडं मीठ त्याच्याही आधी पाझरतं, म्हणून चाचणीला ते नको.

आता आकडा. डब्यात ४५ ते ५५ टक्के ठेवायचं. ६५च्या वर काही दिवस राहिलं की बुरशी धरते. पण उलटंही करू नका, उत्साहाच्या भरात सगळं सिलिका ओतून २५वर आणलं तर कागद कडक होऊन वळतो आणि जाड शाईला भेगा पडतात. दोन पुरचुंड्यांनी सुरू करा, रोज बघा, मग वाढवा.

डबा ठेवायचा आतल्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर. चिऱ्याची बाहेरची भिंत, विशेषतः पश्चिमेची, पावसात पाणी पिते आणि दिवाळीपर्यंत ते सोडत राहते. माळ्यावर नको, मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते. न्हाणीच्या भिंतीला नको. गोदरेजचं कपाट चालेल, भिंतीपासून चार बोटं सरकवून. जुन्या प्लायवूडच्या कपाटात उघडा कागद नको.

इशारा: डबा कोरड्या दिवसांतच भरा. कागद आणि पुठ्ठा स्वतःच पाणी धरून असतात. जुलैमध्ये ओलसर पुठ्ठे घालून झाकण लावलंत तर तुम्ही पावसाळाच आत कोंडलात, आणि हवाबंद असल्यामुळे तो बाहेरही जाणार नाही. पावसातच भरायची वेळ आली तर पुठ्ठे, पिशव्या, सगळं आधी दोन दिवस एसीच्या खोलीत पसरून ठेवा.

तपासा: नुसते पुठ्ठे घालून डबा सात दिवस चालवला आणि काटा रोज ४५ ते ५५ मध्ये राहिला? आता पान शोधायला जा.

## ३. शोधायचं कुठे आणि विचारायचं काय

सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्वतः चित्रकार. मुंबईत कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या मेळाव्यात टेबलं लावून बसतात, बरेच जण इन्स्टाग्रामवर असतात, मेसेज करून सरळ विचारता येतं. गोव्यातही व्यंगचित्रकार आहेत, पेपरात रोज काम करतात, त्यांना भेटायला दिल्लीला जावं लागत नाही. विचारायची रीत मात्र असते. "सर, एखादं छोटं काढून द्या ना आठवण म्हणून" असं म्हणू नका, ते फुकट मागणंच झालं. "तुमच्या अमुक पट्टीचं ओरिजिनल विकायला आहे का, असेल तर काय घ्याल" एवढं पुरे. किंमत सांगितल्यावर भाजीसारखी घासाघीस नको, परवडत नसेल तर "यापेक्षा लहान काही आहे का" असं विचारा, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

कमिशन म्हणजे सांगून काढून घेणं असेल तर कागद कुठला, माप काय, शाई की रंग, ॲडव्हान्स किती, कधीपर्यंत, हे सगळं मेसेजमध्ये लिहून ठरवा. शाई पिगमेंटची किंवा इंडिया इंक सांगा. अल्कोहोल मार्करने रंगवलेलं दिसतं झकास पण त्यातला रंग डाय असतो, उजेडात फिका होत जातो. आणि चित्रावर "प्रिय अमुक यांस" लिहून घ्यायचं की नाही ते आधी ठरवा, नाव घातलं की तुम्हाला गोड वाटतं पण पुढे विकायला गेलात तर किंमत कमी होते. मी दोन्ही केलंय आणि नाव घातलेलं चित्र मी विकणारच नाही, मग काय फरक पडतो.

परदेशातून घ्यायचं तर हेरिटेजसारखी लिलावगृहं आहेत, आणि कॉमिकआर्टफॅन्स या वेबसाइटवर संग्राहक आपली पानं दाखवतात, बघून डोळा तयार होतो, सहा महिने नुसतं बघा. लिलावात बोलीच्या वर लिलावगृहाचं प्रीमियम लागतं, मग कुरियर, मग इथे आल्यावर कस्टम ड्युटी आणि जीएसटी. बोली लावायच्या आधी हा सगळा हिशेब कागदावर मांडा. "गिफ्ट लिहून पाठवा" असं विकणाऱ्याला सांगू नका, अडकलं तर पान कस्टमच्या गोदामात पावसाळा काढेल.

## ४. खरं आहे का बघा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइलचा टॉर्च आणि छापील अंकाची प्रत, एवढं लागतं.

भिंगातून रेघ बघा. हाताची शाई सलग काळी असते, ब्रशने वळण घेतलं तिथे कड किंचित फाटलेली, मोठ्या काळ्या भागात कुठे दाट कुठे पातळ. इंकजेटमध्ये काळी रेघही बारीक ठिपक्यांची निघते, ऑफसेटमध्ये करड्या छटेचे ठिपके एका ओळीत शिस्तीत उभे असतात, लेझरमध्ये रेघेच्या आजूबाजूला काळी भुकटी उडालेली. फसू नका, वर सांगितलं तसं निळ्यावर शाई केलेलं पान असेल तर शाईखाली फिकट निळे ठिपके दिसणारच, ते खोटेपणाचं लक्षण नाही. तसंच काही पानांवर करड्या छटेसाठी ठिपक्यांची चिकट फिल्म कापून लावलेली असते, तिचे ठिपके शिस्तीत असतात पण नखाला हलकी कड जाणवते. जोरात नका घासू, जुनी फिल्म आकसलेली असते, सुटून येते.

मग टॉर्च कागदाला जवळजवळ आडवा धरा. आडव्या उजेडात खरं पान बोलायला लागतं, खोडरबरची खरखर दिसते, चुकीवर लावलेला पांढरा रंग उठून दिसतो, चिकटवलेले संवादाचे फुगे दिसतात, पेन्सिलने दाबलेल्या खाचा दिसतात. अगदी स्वच्छ, एकही चूक नसलेलं पान बघून मी खूश होत नाही, मला शंका येते. पाठ बघा, शिक्के, पान क्रमांक, संपादकाच्या खुणा, कुणीतरी केलेली बेरीज.

आता छापील अंकाशी ताडून बघा. इथे लोक उलटा निष्कर्ष काढतात. पान छापील प्रतीशी तंतोतंत जुळतं म्हणजे खरं, असं नाही. छपाईत काहीतरी हरवतंच, बारीक रेघा भरून जातात, कडा कापल्या जातात. ओरिजिनलमध्ये छापील प्रतीपेक्षा थोडं जास्त असायला हवं, समासातल्या नोंदी, कापलेल्या कडेबाहेर गेलेली रेघ, पांढऱ्याखाली झाकलेला पहिला हात. उलट छपाईत भरून गेलेली रेघ "ओरिजिनल"मध्येही भरलेलीच असेल तर कुणीतरी छापील पान काचेवर ठेवून गिरवलंय.

इशारा: फक्त फोटोवरून घेताय तर पाठीचा फोटो, आडव्या उजेडातला फोटो आणि एका कोपऱ्याचा अगदी जवळून फोटो मागा. देत नसेल तर पुढे जायचं नाही, मग किंमत कितीही गोड असो.

## ५. कागदपत्रं, दहा मिनिटांचं काम

बिल घ्या. बिल नसेल तर विकणाऱ्याच्या हाताने दोन ओळी, काय विकलं, कधी, कितीला, त्याच्याकडे कुठून आलं. पान जुन्या प्रेसमधून किंवा प्रकाशकाकडून बाहेर आलेलं असेल तर ते बाहेर कसं आलं हे विचाराच, लाजू नका, उद्या चित्रकाराच्या घरच्यांनी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. पैसे बँकेतून द्या.

आणि हे नीट समजून घ्या की तुम्ही कागद विकत घेतलाय, छापायचा हक्क नाही. तो चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा राहतो, आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरात लावा, पाहुण्यांना दाखवा, पण टी-शर्ट काढून कळंगुटला विकायला बसू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ए मध्ये असंही आहे की ओरिजिनल चित्र पुढे दहा हजारांवर विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो. बहुतेक संग्राहकांनी हे ऐकलेलंही नसतं.

## ६. घरी आणताना

गुंडाळायचं नाही. नळीत घालून पाठवू नका असं विकणाऱ्याला आधीच बजावा, जाड शाई आणि पांढरा रंग गुंडाळल्यावर तडकतो. पान पिशवीत, पिशवी दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये, पुठ्ठे पानापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठे, आणि एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या म्हणजे वाकत नाही. वरून प्लास्टिक. सेलोटेप फक्त बाहेरच्या आवरणाला.

मुंबईहून स्वतः आणत असाल तर स्लीपर बसच्या डिकीत टाकू नका, तिथे गरमी, डिझेलचा वास आणि कुणाच्या तरी माशांच्या खोक्याचं पाणी. आपल्या बर्थवर गादीखाली सपाट ठेवा. कोकणकन्येत वरचा बर्थ घेतला की काळजी मिटते. कुरियर असेल तर जून ते सप्टेंबर मागवूच नका. कुरियरवाला पावसात गेटवर अडकवून जातो आणि सही स्वतःच करतो.

## ७. पंधरा दिवस वेगळं ठेवा

इथे सगळ्यांची घाई होते, आणलं की डब्यात, बाकीच्या पानांसोबत. नको. दुसऱ्याच्या घरातली कसर तुमच्या डब्यात आली की ती एक पान खाऊन थांबत नाही.

एसीच्या गाडीतून किंवा थंड खोलीतून आलं असेल तर पाकीट न उघडता रात्रभर खोलीत राहू द्या, नाहीतर थंड कागदावर बाहेरची दमट हवा घाम धरते. मग उघडा, पांढऱ्या कागदावर ठेवा, वेगळ्या झिपलॉकमध्ये घाला आणि पंधरा दिवस रोज बघा. पांढऱ्या कागदावर भुकटी पडली, कडेला खरवडल्यासारखं दिसलं, कुबट वास आला, तर काहीतरी आहे.

किडा असेल तर फ्रीझर. पान दोन पिशव्यांत हवाबंद करा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण एक दिवस. घरी आधी सांगून ठेवा, माझ्या आईने बांगड्यांखाली दाबलेलं पाकीट बघून जे काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाड रंगाचं चित्र किंवा फिल्म, चिकटवलेले तुकडे असतील तर फ्रीझर नको, ते जाणकाराकडे द्या.

डांबराच्या गोळ्या नकोत, वास कागदात बसला की जन्मभर जात नाही. कडुलिंबाचा पाला पुस्तकात ठेवतात तसा इथे नको, पाला म्हणजे ओल आणि वर डाग.

## ८. स्कॅन आणि नोंद

कायमचं डब्यात जायच्या आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करा, दोन्ही बाजू. ए३ स्कॅनरवर ११ बाय १७चं पान पूर्ण बसत नाही, तोच सव्वा सेंटिमीटर, दोनदा घेऊन जोडा. तुकडे चिकटवलेले असतील तर झाकण दाबू नका, वरून फोटो काढा. वहीत तारीख, कुणाकडून, किंमत, माप, माध्यम, कुठे छापलं, कुठे डाग आहे. डाग आधीच होता की तुमच्याकडे पडला हे पुढच्या वर्षी आठवत नाही, म्हणून लिहायचं.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. जवळ चहा नको, हे सांगायला लागू नये पण लागतं.

## ९. डब्यात ठेवणं

पान आडवं, उभं नाही. एका पिशवीत एकच पान आणि मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा. नुसत्या पेन्सिलचं, कोळशाचं किंवा खडूचं काम मायलरमध्ये घालू नका, त्याच्या स्थिर विजेने भुकटी ओढली जाते आणि चित्राचं भूत पिशवीवर उमटतं. ते ॲसिड-फ्री कागदाच्या घडीत ठेवा. सिलिकाच्या पुरचुंड्या कोपऱ्यात, पानावर नाही.

सुटलेला संवादाचा फुगा परत चिकटवायचा मोह होतो. थांबा. तो छोट्या पिशवीत घालून पानासोबत ठेवा. सेलोटेप, गोंद, रबराचा सोल्यूशन यातलं काहीही नको, जुन्या पानांवर जे तपकिरी डाग दिसतात त्यातले बरेचसे त्या काळच्या रबर सोल्यूशनचेच असतात. आणि लॅमिनेशन? लॅमिनेशन करणाऱ्याला मी काय सांगू, ते गरम गोंदाने प्लास्टिक डकवणं आहे, परत निघत नाही, पान संपलं.

## १०. भिंतीवर लावायचंच असेल तर

माझं पहिलं ओरिजिनल, एक छोटं व्यंगचित्र, मी जुलैमध्ये फ्रेम करायला दिलं. फ्रेमवाल्याने मेहनतीने, अगदी सुरेख, पांढऱ्या डिंकाने हार्डबोर्डवर चिकटवून दिलं आणि काच थेट वर. सप्टेंबरात उघडून बघितलं तर चित्र काचेला चिकटलेलं. त्याचा दोष नाही, मी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून आता लिहून नेतो:

फ्रेम जानेवारी ते मार्चमध्येच करायची. डिंक नाही, सेलोटेप नाही, पान कागदी कोपऱ्यांत अडकवायचं किंवा जपानी कागदाच्या पट्टीने वरून लटकवायचं, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे काच आणि पान यांच्यात अंतर राहतं. मागे हार्डबोर्ड थेट पानाला नको. काच शक्यतो यूव्ही गाळणारी. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते.

बाहेरच्या भिंतीवर नको, खिडकीसमोर नको, बल्कांवात म्हणजे दारापुढच्या बैठकीत तर नकोच नको. देवघराजवळ नको, समईची काजळी आणि धूप. आणि जून लागायच्या आधी भिंतीवरून काढून परत डब्यात. भिंतीवर त्या जागी स्कॅनचं प्रिंट लावा, पाहुण्यांना फरक कळत नाही.

## ११. मे महिन्याचं पुरुमेंत

मे महिन्यात घरोघरी पावसाची बेगमी होते, सोलं, सुकी मासळी, मिरच्या. त्याच यादीत हे घाला. सगळं सिलिका भाजून नारिंगी करायचं, निम्मं बरणीत राखून ठेवायचं, हायग्रोमीटर सेलवर चालत असेल तर सेल बदलायचा, मिठाची चाचणी परत, डब्याची रबरी कड पुसून बघायची. एकेक पान काढून पाठ-पोट बघायचं.

एक जुनी सवय मात्र सोडा. आपल्याकडे पावसाआधी सगळ्याला ऊन दाखवतात, गाद्यांना, पापडांना, पुस्तकांना. ओरिजिनल पानाला ऊन दाखवायचं नाही. एका दुपारच्या उन्हात मार्करचा रंग उतरायला आणि कागद वळायला लागतो. हवा द्यायची तर सावलीत, पंख्याखाली, काटा ५५च्या खाली असलेल्या दिवशी.

जून ते सप्टेंबर डबा उघडायचा नाही. काटा झाकणाच्या आतून दिसेल असा चिकटवा, आठवड्यातून एकदा बाहेरूनच बघा. ६०च्या वर गेला तरच उघडा, तेही एसी दोन तास चालवलेल्या खोलीत, पुरचुंड्या बदला आणि बंद करा. पाहुण्यांना जुलैमध्ये संग्रह दाखवायचा नाही, चवथीला आलेल्या मुंबईच्या भावालाही नाही, मोबाइलवर स्कॅन दाखवा. आणि एसी रात्री चालू दिवसा बंद असल्या खोलीत उघडा कागद ठेवू नका, त्या वरखालीनेच जास्त नुकसान होतं.

## बुरशी दिसलीच तर

पुसू नका. ओल्या फडक्याने तर अजिबात नाही, ती कागदात मुरते. लगेच ते एक पान वेगळ्या पिशवीत, आणि डब्यातलं बाकी सगळं तपासा. एन९५ मास्क लावा. मग पान एसीच्या खोलीत, काटा ५०च्या खाली असताना, उघडं पण उन्हाविना दोन-चार दिवस ठेवा. बुरशी ओली लवलवीत असते तोवर हात लावायचा नाही, सुकून भुकटी झाली की घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने कडेकडे झाडायची. शाईवरून, रंगावरून, पेन्सिलवरून ब्रश नको. ब्लीच, डेटॉल, सॅनिटायझर यातलं काहीही नको. तपकिरी डाग राहिले तर राहू द्या. महागाचं पान असेल तर कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या, आणि झाडायच्या आधी न्या, झाडून झाल्यावर नाही.

मग डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवा, डब्याला ऊन चालतं, जुने पुठ्ठे फेकून द्या, आणि दुसऱ्या टप्प्यापासून परत सुरू करा, रिकामा डबा, सात दिवस, काटा.